ताईत आल्यानंतरचे अंक

घोंगडीवाल्याला ताईत मिळाला तिथेच ती गोष्ट बिघडली, हे माझं मत तेव्हा होतं आणि आजही आहे.

ज्यांनी ते मासिक कधी हाती धरलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. पुण्याकडून दर महिन्याला एक पातळ मासिक आमच्या जळगावच्या घरी टपालाने यायचं. त्यात औषधी पाले, शेतीच्या सूचना, एखादी बोधपर कविता असं बरंच काही असे. आम्ही ते घ्यायचो मात्र शेवटच्या सोळा पानांसाठी. तिथे घोंगडीवाल्याची क्रमशः गोष्ट असे. दिवसा तो एका संस्थानच्या कचेरीत खर्डेघाशी करणारा गरीब कारकून. कुठे जुलूम झाला की अंगावर काळी घोंगडी, तोंडाला फडकं, आणि तटावरून उडी. पाण्याखाली श्वास कोंडून तो तास काढी. अंधारात नुसत्या खटक्याच्या आवाजावरून गोळी चुकवी. गोष्ट नेहमी अशा जागी थांबे की पुढचा महिना कसा जाईल असं व्हावं.

एकदा त्याचा डावा हात मोडला आणि दोन अंक तो उजव्या हातानेच लढला. ते दोन अंक मी सगळ्यांत वरचे मानतो. हात मोडलेल्या माणसाने दोर कसा चढायचा, दातांनी गाठ कशी सोडायची, हे लेखकाने नीट विचार करून लिहिलं होतं. मी जिनमध्ये काट्यावर बसणारा माणूस. आलेला कापूस किती, त्यातून रुई किती, सरकी किती, घट किती, याचा मेळ रोज संध्याकाळी बसवायचा हे माझं काम. गोष्टीचाही मेळ बसावा एवढीच माझी अपेक्षा.

मग एका साधूने त्याला ताईत दिला. दंडाला तो बांधला की गोळी अंगाला लागून चपटी होऊन खाली पडायची. आता ज्याला गोळी लागत नाही त्याची मी काळजी कशाला करायची? पुढे तर लेखकाने सगळंच सोडून दिलं. सूर्यास्ताला हा नर्मदेकाठी आणि पहाटे गोदावरीवर. मध्ये सातपुडा आहे, तापी आहे, अजिंठ्याचा डोंगर आहे. घोड्याने पाणी कुठे प्यायलं? चित्रकारही बदलला. आधीच्या चित्रांत घोंगडी अंगावरून जड लोंबायची. नव्या चित्रांत ती मलमलीसारखी फडफडू लागली. ज्याने घोंगडी कधी पावसात पांघरली नाही त्यानेच ती अशी काढावी.

हे सगळं मी घरात बोलायचो, आणि ऐकणारी होती माझी थोरली मुलगी. ती माझ्याहून कडक.

"ताईताला काय नावं ठेवता, नाना," ती एकदा म्हणाली, "लेखक दमलाय. दमला की माणूस देवाला बोलावतो."

"बाप-लेकीचं हे काय चाललंय?" माझी बायको चुलीपुढून म्हणायची. "घरात खऱ्या माणसाचं लग्न ठरत नाही, आणि यांना त्या घोंगडीवाल्याची चिंता!"

तिचं खरं होतं. मुलीला सतरावं लागलं होतं, मराठी सातवी चांगल्या मार्कांनी झाली होती, दिसायला चारचौघींसारखी, कामाला वाघीण. तरी दोन ठिकाणांहून नकार आला होता. रावेरच्या लोकांनी कारण सांगितलं नाही. दोंडाईच्याच्या लोकांनी मध्यस्थामार्फत स्पष्ट कळवलं, मुलगी बोलते. बघायला आले तेव्हा त्यांनी तिला सतराचा पाढा विचारला होता. तिने तो म्हटला, आणि तिच्याबरोबर मनातल्या मनात म्हणणारा नवरा मुलगा मध्ये चुकून पुटपुटला तेव्हा त्यालाही दुरुस्त केलं. दोन नकार गावात लपत नाहीत. तिसराही आला असता तर लोक कारण न विचारता स्वतःच कारण बनवायला लागले असते. बायकोची झोप उडाली होती. माझीही, पण मी बोलत नव्हतो.

अशात माझा मेहुणा धुळ्याचं स्थळ घेऊन आला. मुलगा धुळ्याच्या कोर्टात कारकून, वडिलांचं लोखंडी सामानाचं दुकान, घर स्वतःचं.

"आणि दाजी, एक गंमत," मेहुणा म्हणाला. "मुलाचे वडील, त्यांना सगळे आबा म्हणतात, ते तुमचंच मासिक घेतात. गिऱ्हाईक समोर उभं असतं, आणि हे कुलूप हातात धरून घोंगडीवाला वाचतात."

मला एकदम बरं वाटलं. बायकोला मात्र नाही.

"हे बघा," ती म्हणाली, "ते त्या मासिकाचं काहीही म्हणाले तरी तुम्ही हो म्हणायचं. अगदी छान आहे म्हणायचं."

"पण ताईत—"

"ताईतही छान आहे. आणि पोर पोथी वाचते म्हणायचं. मासिकाचं नावसुद्धा काढायचं नाही." मग ती मुलीकडे वळली. "आणि तू. विचारलं तेवढंच बोल."

"आणि चुकीचं विचारलं तर?" मुलगी म्हणाली.

मेहुण्याने कपाळाला हात लावला.

ते रविवारी सकाळच्या मोटारीने आले आणि चारच्या मोटारीने परत जाणार होते. लढाई सुरू झाल्यापासून पेट्रोलची टंचाई, त्यामुळे त्यानंतर गाडी नव्हती. आबा, त्यांची बायको अक्का, आणि मुलगा. आबा बारीक, ताठ, बोलण्यात शहरी. अक्का खेड्यातल्या, अस्सल अहिराणी बोलणाऱ्या. त्या रीतीप्रमाणे सरळ आत बायकांत जाऊन बसल्या. मुलगा वडिलांच्या बाजूला बसला आणि गप्प राहिला.

मला त्या दिवशी नीट बसवत नव्हतं, आणि त्याचं एक कारण सांगायला थोडं विचित्र वाटतं. कागद महागल्यापासून आमच्याकडचा अंक उशिरा यायचा. त्या महिन्याचा तर आलाच नव्हता. आणि आबांच्या पिशवीतून एक तांबूस कोपरा बाहेर डोकावत होता. मी तो ओळखला. धुळ्याला आधी पोचला तर! मागच्या अंकात घोंगडीवाला पुराच्या पाण्यात पडला होता आणि दोन्ही काठांवर शिपाई होते. मेहुणा शेतीवाडीचं, पिकापाण्याचं बोलत होता आणि माझं लक्ष त्या कोपऱ्यावर होतं.

आबांच्या ते ध्यानात आलं असावं.

"तुम्हीही घेता म्हणे," ते म्हणाले.

"घेतो."

"मग? ताईत कसा वाटला?"

मेहुणा खोकला. आतून बांगड्या वाजल्या, त्या कुणाच्या ते मला कळलं.

"खरं सांगू का?" मी म्हणालो.

"म्हणजे काय!"

"नको होता."

"नको होता?" आबा पुढे सरकले. "अहो, ताईत नसता तर तो दारूगोळ्याच्या कोठारात जळून गेला असता!"

"मग लेखकाने त्याला कोठारात घालताना विचार करायचा होता. बाहेर काढायची वाट माहीत नसेल तर आत घालू नये."

"साधूचा आशीर्वाद आहे तो. तुमचा देवावर विश्वास नाही की काय?"

"देवावर आहे. पण देव दर महिन्याला सोळा पानांत येत नाही."

आबा मागे टेकून बसले. खरं बोलल्याचा मला त्या क्षणी काहीही आनंद झाला नाही. आतल्या दाराच्या फटीतून बायको माझ्याकडे बघत असणार हे न बघताही जाणवत होतं.

मेहुण्याने घाईघाईने मुलीला बोलावलं. ती आली, पाटावर बसली. नाव, शिक्षण, शिवण, स्वयंपाक, सगळं रीतीचं झालं. तिने विचारलं तेवढंच सांगितलं. मग आबा म्हणाले, "वाचता येतं ना चांगलं?"

"पोथी अशी वाचते," मेहुणा म्हणाला, "की देवळातले लोक—"

बायकोने सकाळीच कोनाड्यात पोथी काढून ठेवली होती, नवं फडकं गुंडाळून. मी ती घ्यायला उठलो.

"पोथी नको. पोथी पाठ असते," आबा म्हणाले, आणि त्यांनी पिशवीतून तो अंक काढला. "यातलं वाच, बाई. हे पाठ नसेल."

मुलीने अंक घेतला. आधी माझ्याकडे बघितलं, मग पानाकडे. सोळावं पान मागून मोजायचं म्हणून इतर कुणी आधी वरवर चाळलं असतं. तिने बोट घालून बरोबर गोष्टीवरच उघडलं. आबांच्या भुवया वर गेल्या, पण ते काही म्हणाले नाहीत.

ती वाचू लागली. परीक्षेला पोरी वाचतात तशी एकसुरी नाही. पूर चढत होता तिथे ती भराभर जायची, शिपाई कान देऊन ऐकत होते तिथे हळू. घोंगडी पाणी पिऊन जड झाली होती आणि त्याला खाली ओढत होती. हे मला फार आवडलं. लेखकाला इतक्या महिन्यांनी आठवलं की घोंगडी भिजते! मी खाली मान घालून ऐकत होतो. मग काठावरच्या वाड्याचं वर्णन सुरू झालं आणि मुलगी दोन ओळी वाचून थांबली, आणि एकदम पुढे गेली.

"बाई," आबा म्हणाले, "मधलं राहिलं."

"ते आधीच्या एका अंकात आलंय," ती म्हणाली. "वाड्याला सात चौक आणि हंड्या-झुंबरं. शब्दान् शब्द तेच आहे. कोतवाल बदलला त्या अंकात."

मेहुण्याने डोळे मिटले. मी तर मान वर करायला तयार नव्हतो. आबांनी हात पुढे करून अंक घेतला, ओळ शोधली, वाचली, थोडा वेळ आठवत राहिले. मग अंक तिच्याकडे परत दिला.

"वाच," ते कोरडेपणाने म्हणाले.

ती पुढे वाचू लागली. आणि इथे ते झालं ज्याची मी पाच अंक वाट बघत होतो. पाण्यात बुडालेल्या एका झाडाच्या मुळीत ताईताचा दोरा अडकला. मुळी सोडवायची तर दोरा तुटतो, दोरा सांभाळायचा तर श्वास संपतो. काठावरच्या शिपायाने बंदूक खांद्याला लावली.

"बस," आबा म्हणाले. "कळलं. वाचता येतं."

रीत तीच होती. परीक्षेला एवढं पुरतं. मुलीने अंक मिटला आणि दोन्ही हातांनी पुढे केला. मला मात्र जागेवर बसवेना. माझ्या घरात, माझ्या समोर तो अंक मिटला गेला होता आणि मला काही म्हणताही येत नव्हतं.

तेवढ्यात आतून मोठ्याने आवाज आला.

"बस कशी? पुढे काय व्हयनं?"

अक्का होत्या.

"अगं, परीक्षा झाली," आबा दाराकडे तोंड करून म्हणाले.

"तुमनी परीक्षा व्हयनी. मनी नही व्हयनी. तो जगस का मरस, ते सांगा ना!"

सगळे हसले. मुलगा हसला, मेहुणा हसला, मीही हसलो. आबांना हसावंच लागलं. अक्का डोक्यावरचा पदर सावरत उंबऱ्यापाशी आल्या आणि चौकटीला टेकून तिथेच बसल्या. बाहेरच्या पुरुषांसमोर अशा बसायची त्यांची बहुधा पहिलीच वेळ असावी.

"तुम्हले सांगस," त्या मला म्हणाल्या, कारण मी घरचा यजमान. "इतला वरीस हाऊ माणूस पुस्तक धरीसनी हाय हाय करस. मी इचारस, काय व्हयनं? म्हणे काय नही. माले वाटे, दुकान बुडनं!"

"अहो, बायकांना सांगण्यासारखं त्यात—" आबा म्हणाले.

"बायकासले काय कान नही का?" मग मुलीकडे वळून, अगदी मऊ आवाजात, "वाच, माय. पह्यले सांग, हाऊ घोंगडीवाला कोन शे? आन् तोंड काबरं झाकस?"

मुलगी माझ्याकडे बघू लागली. मी आबांकडे बघितलं नाही.

"सांग," मी म्हणालो.

तिने सांगितलं. संस्थान, कचेरी, जुलमी दिवाण, घोंगडी, मोडलेला हात, सगळं अक्कांच्या अहिराणीत. मग वाचू लागली. अक्का प्रत्येक वाक्याला काहीतरी विचारायच्या आणि ती अंक मांडीवर उलटा ठेवून उत्तर द्यायची. अक्कांना दिवाणाचा संताप आला, शिपायाच्या आईची दया आली, घोड्याला कुणी चारा घातला का हेही त्यांनी विचारलं. इतके महिने तो घोडा उपाशी आहे हे मी एकट्यानेच धरलं होतं. ताईताचा दोरा तुटला तेव्हा त्यांनी दोन्ही हात गालांवर ठेवले.

"आते काय करस हाऊ, बिचारा!"

माझी बायकोही कधी दाराशी येऊन उभी राहिली कळलं नाही. हातात पळी तशीच.

अंक संपला तेव्हा मेहुण्याला घड्याळ आठवलं. चार कधीच वाजून गेले होते. मोटार निघून गेली होती.

ते राहिले. दुसरी वाट नव्हती. बायकोने वांगी भाजायला घातली, कळण्याच्या भाकरी थापल्या, आणि अक्का तिच्या शेजारी बसून हिरव्या मिरच्या निवडताना मुलीला विचारत राहिल्या की त्या कारकुनाचं लग्न झालंय का, आणि नसेल तर त्याची आई काय करते. आबा ओसरीवर एकटे बसले होते. मी शेजारी जाऊन बसलो.

"ताईत गेला," मी म्हणालो. काहीतरी बोलायचं म्हणून.

"तुम्हाला हवं तेच झालं," ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत माझ्याशी फारसं बोलले नाहीत.

सकाळी मोटारस्टँडवर अक्कांनी मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला, कानशिलावर बोटं मोडली. आबा टपावर सामान नीट बांधलंय का ते बघत होते. गाडी सुरू झाल्यावर खिडकीतून म्हणाले, "कळवतो."

मुलीच्या बापाला हा शब्द चांगला ठाऊक असतो. रावेरच्या लोकांनीही तोच वापरला होता.

पुढचे दिवस वाईट गेले. काट्यावर बसलो की आकडे डोळ्यांपुढून सरकायचे, हाताखालच्या माणसाला दोनदा तोच गठ्ठा तोलायला लावायचो. घरी आलो की उभाच राहायचो. बायको काही बोलली नाही. त्या दिवशी मी तोंड आवरलं असतं तर बरं, हे तिने एकदाही म्हटलं नाही, आणि त्याचाच मला जास्त जाच व्हायचा. आमचा अंक टपालाने आला. जो आम्ही आधीच ऐकला होता तोच. मी तो न उघडता तसाच फळीवर ठेवला.

मग पुढच्या महिन्याचा अंक आला आणि त्यात ताईत परत आला. घोंगडीवाला उपाशी, एका कोळ्याच्या झोपडीत आसऱ्याला, आणि कोळणीने मासा चिरला तर पोटात ताईत! माशाच्या पोटात हरवलेली वस्तू सापडण्याची गोष्ट या देशात इतकी जुनी आहे की लेखकाला लाज वाटायला हवी होती. एवढा चांगला पूर, एवढी चांगली भिजलेली घोंगडी, आणि त्याचं हे केलं.

पण खरं सांगायचं तर वाचताना माझ्या मनात आलं ते वेगळंच. आबांना हा अंक आवडेल. ते खूश असतील. खूश असताना माणूस होकार देतो. एक भिकार अंक हाती धरून मी आशेने बसलो होतो.

"काय हो, चांगला आहे का?" बायकोने विचारलं. तिने असं पूर्वी कधी विचारलं नव्हतं.

"वाईट आहे," मी म्हणालो. "देव करो नि आबांना आवडो."

आणखी काही दिवसांनी मेहुणा आला. दारातूनच त्याच्या तोंडावर काय आहे ते बघायचा मी प्रयत्न केला, पण तो आधी पाणी प्यायला बसला.

"नकार देणार होते," तो म्हणाला. "आबांचं पक्कं होतं. म्हणाले, मुलगी हुशार आहे, पण मोठ्यांनी वाच म्हटल्यावर जी गाळून वाचते ती उद्या सासऱ्याचं बोलणंही गाळील. आणि बाप तसाच."

"मग?"

"मग अक्का. त्यांनी आबांना सांगितलं, तुम्हीच वाचून दाखवा. आबांनी सुरू केलं. पण दाजी, त्यांची खोड अशी, मोठ्यांदा सुरू करतात आणि रंग चढला की तोंड मिटतं आणि डोळे पुढे पळतात. अक्का समोर बसलेल्या, आणि हे एकटेच हाय हाय करतायत. चार-पाचदा असं झालं. शेवटी अक्का म्हणाल्या, तुमले वाचता येस नही. ती पोरले लई या. त्या पोरीलाच घरी आणा म्हणे."

बायकोने पदर तोंडाला लावला. हसत होती की रडत होती, मला कळलं नाही.

"आबा लगेच ऐकणारे नाहीत," मेहुणा म्हणाला. "अक्कांनी भांडण केलं नाही, काही नाही. आबा मासिक उघडायचे की समोर येऊन बसायच्या आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहायच्या. आता त्यांना बाजूला नेऊन विचारलं तर म्हणाले, कळवा त्यांना, होकार आहे. मला सुखाने वाचू द्या."

बायको देवापुढे साखर ठेवायला गेली. मी मुलीला शोधलं. ती मागच्या दारी तुरीच्या काड्या मोडत होती आणि सगळं ऐकून होती.

"आनंद झाला ना?" मी विचारलं.

ती काड्या मोडत राहिली.

"अक्कांना मी हवी आहे," ती म्हणाली. "आबांना नको आहे. आणि कागद आणखी महागला, मासिक बंद पडलं, तर अक्कांनाही नको होईन की काय? नाना, मला तिथे वाचायला नेतायत का नांदायला?"

होकार आल्याबरोबर जी तगमग थांबायला हवी होती ती उलट वाढली. मी नुसता आबांना काय वाटतं, अक्कांना काय वाटतं, याचाच मेळ घालत बसलो होतो. तिसरा आकडा, पोरीचा, मांडायचाच राहिला होता.

"मुलगा कसा वाटला तुला?" मी विचारलं. "तो तर बोललाच नाही काही."

"बोलले नाहीत."

"तुझी इच्छा नसेल तर मी आज धुळ्याला जातो. तिसरा नकार आपला. त्याची मला पर्वा नाही." हे म्हणताना मला पर्वा होती, आणि तिला ते कळत होतं.

तिने हातातली काडी मोडून टाकली.

"हसले," ती म्हणाली. "दोनदा हसले. एकदा अक्का आतून ओरडल्या तेव्हा. तेव्हा सगळेच हसलात. पण त्याआधी एकदा. मी ते वाड्याचं वर्णन गाळलं ना, आबा चिडले, मामांनी डोळे मिटले, तुम्ही जमिनीकडे बघत होतात. तेव्हा ते हसले. आवाज न करता. म्हणजे त्यांनीही ते आधी वाचलं होतं, नाना. आणि त्यांनाही तेव्हा कंटाळाच आला होता."

"मग?"

"मग काही नाही. मासिक बंद पडलं तर बोलायला एक माणूस आहे घरात." ती उठली आणि काड्यांची मोळी उचलून आत गेली.

मी तिथेच उभा राहिलो. काट्यावर असा माल कधी येत नाही की ज्याचं वजन एका हसण्यावर ठरवायचं. पण तिने ठरवलं होतं, आणि विचार करूनच ठरवलं होतं.

लग्न पुढच्या वैशाखात झालं. निघायच्या आदल्या दिवशी ती माझ्या कपाटापाशी येऊन उभी राहिली.

"मागचे सगळे अंक मला द्याल?" ती म्हणाली. "अक्कांनी मधूनच ऐकलंय. पहिल्यापासून सांगावं लागेल."

त्या अंकांवर घरात कुणी हात टाकलेला मला चालायचा नाही, हे तिला माहीत होतं. मी कुलूप काढलं. दोघांनी मिळून ते खाली काढले, वर्षावार लावले. मोडलेल्या हाताचे दोन अंक मी तिच्या हातात वेगळे दिले.

"ताईताचे राहू दे इथेच," मी म्हणालो. "चांगलं आहे तेवढं ऐकव त्यांना."

"असं कसं, नाना?" ती म्हणाली. "वाईट कुठून झालं ते त्यांनाही कळायला नको का? आणि त्यांना कदाचित ताईत आवडेल."

"माशाच्या पोटातलासुद्धा?"

"तोसुद्धा. तुम्हाला आबांनी विचारलं तर तुमचं मत सांगा. तिकडे मी माझं सांगेन."

बायको आली आणि तिने ट्रंकेत बघितलं. "अगं, यात शालू जायचाय! पैठणी कुठे ठेवू?"

"पैठणी नेसून जाते," मुलगी म्हणाली.

सगळे अंक आत गेले, चांगले आणि वाईट. वर शालू ठेवला. ट्रंक काही केल्या बंद होईना. शेवटी मी झाकणावर बसलो, तिने खाली वाकून कडी लावली, आणि म्हणाली, "बसली, नाना. उठा आता."

मी थोडा वेळ तसाच बसून राहिलो.